क्रॉप सेन्सर की फुल-फ्रेम: इमेज क्वालिटीची तुलना नीट कशी करायची

दोन कॅमेऱ्यांतून एकच दृश्य टिपायचं, दोन्ही फोटो संगणकावर १०० टक्के मोठे करायचे आणि ज्यात नॉइज (दाणेदारपणा) कमी दिसेल तो कॅमेरा सरस ठरवायचा, ही सर्रास चालणारी पद्धत आहे. तिच्यातून निघालेला निष्कर्ष बहुतेक वेळा चुकतो. समोर दिसणाऱ्या फरकात सेन्सरच्या आकाराबरोबरच लेन्स, मेगापिक्सेल, कंपनीने आयएसओचा (प्रकाश-संवेदनशीलतेचा) आकडा कसा ठरवला आहे आणि सॉफ्टवेअरने परस्पर काय केलं आहे, हे सगळं मिसळलेलं असतं. पुढची पद्धत हे घटक एकेक करून वेगळे काढते. तिला ट्रायपॉड, ग्रे कार्ड (मोजणीसाठीचं करडं कार्ड), रॉ फाइल (सेन्सरची प्रक्रिया न केलेली माहिती) उघडणारं सॉफ्टवेअर आणि एक निवांत संध्याकाळ एवढं पुरतं.

आधी कागदावरचा हिशेब

चाचणीत किती फरक दिसायला हवा, हे आधीच माहीत असेल तर चाचणी कुठे फसली तेही कळतं. म्हणून सुरुवात क्षेत्रफळापासून करा.

फुल-फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी, म्हणजे ८६४ चौरस मिमी. त्याहून लहान ते क्रॉप सेन्सर. निकॉन, सोनी, फुजी यांचा एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ मिमी, म्हणजे ३६७ चौरस मिमी. कॅननचा एपीएस-सी थोडा लहान, २२.३ × १४.९ मिमी, ३३२ चौरस मिमी. मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३ मिमी, २२५ चौरस मिमी. खिशातल्या चांगल्या कॅमेऱ्यांत येणारा 'एक इंची' सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमी, जेमतेम ११६ चौरस मिमी.

ॲपर्चर (लेन्सचं छिद्र, जे एफ-नंबरने सांगतात) आणि शटर स्पीड तेच ठेवले तर सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर तेवढाच प्रकाश पडतो. पण मोठ्या सेन्सरला असे मिलिमीटर जास्त आहेत, त्यामुळे पूर्ण फोटोसाठी गोळा झालेला प्रकाश जास्त असतो. फुल-फ्रेम आणि १.५ क्रॉपच्या (म्हणजे ज्याच्या कर्णाच्या सुमारे दीडपट फुल-फ्रेमचा कर्ण आहे अशा) एपीएस-सीमध्ये हे गुणोत्तर २.३५, म्हणजे सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). कॅननच्या १.६ क्रॉपशी तुलना केली तर २.६, सुमारे १.४ स्टॉप. एक इंची सेन्सरपाशी हा फरक जवळजवळ तीन स्टॉपवर जातो.

मायक्रो फोर थर्ड्सच्या बाबतीत 'दोन स्टॉप' हा आकडा सगळीकडे ऐकू येतो, पण तो फोटोच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणावर अवलंबून आहे. त्या सेन्सरचं प्रमाण ४:३ आणि फुल-फ्रेमचं ३:२. दोन्ही फोटो शेवटी ४:३ मध्ये हवे असतील तर फुल-फ्रेमचा ३२ × २४ मिमीचा भागच वापरात येतो आणि फरक पावणेदोन स्टॉपवर येतो. दोन्ही ३:२ मध्ये हवे असतील तर लहान सेन्सरची उंची कापली जाते आणि फरक दोन स्टॉपच्या थोडा पुढे जातो. म्हणून चाचणीआधी एक प्रमाण ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

नॉइजचा मोठा भाग प्रकाशातूनच येतो. प्रकाशकण एकसारख्या अंतराने येत नाहीत, त्यामुळे एखाद्या भागात सरासरी १०,००० कण मोजले तर त्यात १०० चा चढउतार असतोच, कारण चढउतार वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. प्रकाश चौपट केला की सिग्नल चौपट होतो, चढउतार मात्र दुप्पटच होतो. सेन्सरच्या इलेक्ट्रॉनिक्सचा नॉइज वेगळा. तो फोटोच्या गडद भागात आणि अगदी कमी प्रकाशात जाणवतो आणि सेन्सरच्या पिढीनुसार बदलतो. त्यामुळे तुलनेसाठी शक्यतो एकाच काळातले दोन कॅमेरे घ्या. दहा वर्षं जुना फुल-फ्रेम आणि आजचा एपीएस-सी यांच्या तुलनेतून आकाराबद्दल काहीच ठरत नाही.

दृश्य कसं मांडायचं

टेबलावर, भिंतीला टेकवून, दोन-अडीच मीटरवरून टिपता येईल असं दृश्य मांडा. त्यात या वस्तू हव्यात: बारीक छापील मजकुराचा कागद, घट्ट विणीचं गडद कापड, ग्रे कार्ड, पांढरा कागद, लाल आणि निळ्या रंगाची एकेक वस्तू, केसांचा ब्रश किंवा लोकर, आणि आतून काळं असलेलं एक खोकं आडवं ठेवून त्यात खोलवर काहीतरी छापील. खोक्यातला अंधार शॅडो तपासायला लागतो. गडद कापड आणि लोकर यांना विशेष महत्त्व आहे, कारण नॉइज रिडक्शन कॉन्ट्रास्ट असलेली अक्षरं शाबूत ठेवतं आणि कमी कॉन्ट्रास्टचे धागे आधी पुसून टाकतं. नुसता छापील कागद टिपून केलेली तुलना म्हणूनच गोड दिसते आणि फसवते.

प्रकाश स्थिर हवा. खिडकीतला दिवसाचा उजेड नको, ढग सरकला की अर्धा स्टॉप इकडचा तिकडे होतो. दिवे लावत असाल तर डिमर वापरू नका. विजेच्या वारंवारतेमुळे दिवा सेकंदाला १०० किंवा १२० वेळा कमी-जास्त होतो, म्हणून ५० हर्ट्झच्या विजेवर १/२५, १/५०, १/१०० आणि ६० हर्ट्झच्या विजेवर १/३०, १/६०, १/१२० हे शटर स्पीड घ्या, किंवा त्याहून बरेच सावकाश. १/२०० सारख्या वेगाला प्रत्येक फोटोचा उजळपणा वेगळा येईल आणि दोष सेन्सरच्या माथी बसेल.

दिवा स्थिर आहे याची खात्री करायला एक सोपी युक्ती आहे. पहिल्या कॅमेऱ्याने एक फोटो घ्या, मग दुसऱ्या कॅमेऱ्याची सगळी मालिका, आणि शेवटी पुन्हा पहिल्या कॅमेऱ्याने तोच फोटो. पहिल्या आणि शेवटच्या फोटोतलं ग्रे कार्ड सारखं उजळ नसेल तर मधली मालिका टाकून द्या.

आता जागा. दोन्ही कॅमेरे एकाच जागेवरून टिपायला हवेत, फोकल लेंग्थ वेगळी ठेवून. फुल-फ्रेमवर ७५ मिमी असेल तर एपीएस-सीवर ५० आणि मायक्रो फोर थर्ड्सवर ३७ मिमीच्या आसपास. तीच लेन्स दोन्ही बॉडींना लावून मागे-पुढे सरकलात तर पर्स्पेक्टिव्ह बदलतं, मागची वस्तू पुढच्या वस्तूच्या तुलनेत लहान-मोठी होते आणि ब्लरची तुलना निरर्थक होते. झूमवरचे आकडे तंतोतंत नसतात आणि जवळ फोकस केल्यावर बऱ्याच लेन्सचा व्ह्यू थोडा बदलतो. म्हणून आकड्यांवर विसंबू नका. टेबलावर डावीकडे आणि उजवीकडे चिकटपट्टीच्या दोन खुणा करा आणि त्या दोन्ही कॅमेऱ्यांत फ्रेमच्या कडेला बरोबर येईपर्यंत झूम फिरवा.

कॅमेरा भिंतीला काटकोनात आहे का हे डोळ्यांनी कळत नाही. भिंतीवर फ्रेमच्या मध्याशी छोटा सपाट आरसा चिकटवा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये बघा. लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब आरशात बरोबर फ्रेमच्या मध्यावर दिसलं की कॅमेरा सरळ आहे. थोडंही बाजूला गेलं तर एक कोपरा जवळ आणि दुसरा लांब आहे, आणि नंतर तुम्ही लेन्सला उगाच बोल लावाल.

कॅमेऱ्यात काय बंद करायचं

फोटो रॉमध्येच घ्या, शक्य असेल तर १४ बिट आणि लॉसलेस किंवा अनकॉम्प्रेस्ड. काही कॅमेरे इलेक्ट्रॉनिक शटरवर किंवा वेगवान बर्स्टमध्ये गुपचूप १२ बिटवर उतरतात, त्यामुळे ड्राइव्ह मोड सिंगल ठेवा आणि इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (एक्स्पोजरची सुरुवात इलेक्ट्रॉनिक, शेवट मेकॅनिकल पडद्याने) वापरा. पूर्ण मेकॅनिकल शटरच्या धक्क्याने साधारण १/६० ते १/२०० च्या पट्ट्यात हलकी थरथर येऊ शकते. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद करा, बॉडीतलंही आणि लेन्समधलंही. टायमर दोन सेकंदांचा पुरतो, टेलिफोटो असेल तर दहा.

ॲक्टिव्ह डी-लायटिंग, डी-रेंज ऑप्टिमायझर, ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर यांपैकी जे असेल ते बंद. तसंच हायलाइट टोन प्रायॉरिटी किंवा डीआर २००, डीआर ४०० असले मोडही बंद, कारण ते रॉमधलं एक्स्पोजरच एक-दोन स्टॉपने खाली नेतात आणि आयएसओचा आकडा मात्र तोच दाखवतात. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद. एक्स्पोजर मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स एकच ठरावीक, ऑटो आयएसओ नाही.

फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये पूर्ण मोठं करून हाताने करा. प्रत्येक सेटिंगला तीन फोटो घ्या आणि फोकस दर वेळी नव्याने लावा, मग तिन्हींतला सर्वात शार्प ठेवा. एकाच फोटोवर विसंबलात तर अर्ध्या तुलना फोकसच्या चुकीवरच ठरतील.

पहिली चाचणी: तेच एक्स्पोजर

ही चाचणी कमी प्रकाशातल्या फायद्याची. दोन्ही कॅमेऱ्यांवर ॲपर्चर तेच, शटर तेच, आयएसओ तोच. एफ/४ ठेवा आणि खोलीतला प्रकाश इतका करा की आयएसओ ६४०० ला १/२५ सेकंद बरोबर येईल. मग मालिका अशी होते: आयएसओ १०० ला २.५ सेकंद, ४०० ला ०.६, १६०० ला १/६, ६४०० ला १/२५, २५,६०० ला १/१००. मायक्रो फोर थर्ड्सच्या बऱ्याच बॉडींचा बेस आयएसओ (सर्वात कमी मूळ आयएसओ) २०० असतो, तिथे १०० हा आकडा 'लो' किंवा विस्तारित पट्ट्यात येतो. तो वापरू नका, २०० पासून सुरुवात करा.

अपेक्षित निकाल हा: फुल-फ्रेमचा ६४०० चा फोटो, पूर्ण फ्रेम एकाच आकारात आणून बघितला तर, १.५ क्रॉपच्या साधारण २५०० ते ३२०० सारखा आणि मायक्रो फोर थर्ड्सच्या १६०० सारखा दिसावा. तुम्हाला तीन स्टॉपचा फरक दिसत असेल तर दोन्ही फाइलींवर वेगवेगळं नॉइज रिडक्शन झालं आहे. काहीच फरक दिसत नसेल तर बहुधा फोटो इतका लहान करून बघताय की नॉइज उरलाच नाही.

आयएसओच्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नका. आयएसओ १२२३२ या मानकात संवेदनशीलता ठरवायच्या अनेक पद्धती मान्य आहेत. त्यातली एसओएस पद्धत कॅमेऱ्यातून निघणाऱ्या जेपेगच्या उजळपणावर चालते आणि आरईआय पद्धतीत 'योग्य एक्स्पोजर' म्हणजे काय हे कंपनीच ठरवते. त्यामुळे तेच ॲपर्चर, तोच शटर आणि तोच आयएसओ ठेवूनही दोन कॅमेऱ्यांच्या फोटोंचा उजळपणा वेगळा येऊ शकतो. त्यात गडद आला म्हणून एखाद्याचा शटर वाढवू नका. ॲपर्चर आणि शटर सारखे ठेवणं हीच या चाचणीची अट आहे. उजळपणा नंतर सॉफ्टवेअरमध्ये जुळवायचा. लेन्सचाही थोडा हात असतो. एफ/४ लिहिलेल्या दोन लेन्स सारखाच प्रकाश आत सोडतील असं नाही, भरपूर काचा असलेली झूम थोडा प्रकाश गिळते. शिवाय ॲपर्चर पूर्ण उघडं असताना कोपरे मध्यापेक्षा एक ते दोन स्टॉप गडद असू शकतात. म्हणून नॉइज नेहमी फ्रेमच्या मध्यावरच तपासा, ग्रे कार्ड तिथेच ठेवा.

दुसरी चाचणी: तीच डेप्थ ऑफ फील्ड

पहिल्या चाचणीत फुल-फ्रेमला एक गोष्ट द्यावी लागली आहे: त्याच एफ/४ ला त्याची डेप्थ ऑफ फील्ड (पुढून मागपर्यंत शार्प दिसणारा पट्टा) कमी आहे. दोघांना डेप्थही सारखी द्यायची असेल तर लहान सेन्सरसाठी फुल-फ्रेमच्या एफ-नंबरला क्रॉप फॅक्टरने (१.५, १.६ किंवा २) भागा आणि आयएसओला क्रॉप फॅक्टरच्या वर्गाने. शटर तोच ठेवा. गोल आकड्यांत:

फुल-फ्रेम: ७५ मिमी, एफ/४, १/५०, आयएसओ १६००
एपीएस-सी: ५० मिमी, एफ/२.८, १/५०, आयएसओ ८००
मायक्रो फोर थर्ड्स: ३७ मिमी, एफ/२, १/५०, आयएसओ ४००

फोकल लेंग्थला एफ-नंबरने भागलं की लेन्समधून प्रकाश आत येण्याच्या छिद्राचा व्यास मिळतो. तिन्ही ठिकाणी तो १८ ते १९ मिमी येतो. छिद्र सारखं, दृश्याचा कोन सारखा, वेळ सारखी, म्हणून आत आलेला एकूण प्रकाशही सारखा. फरक इतकाच की लहान सेन्सरवर तो दाटीने पडतो आणि मोठ्यावर पसरून. नॉइज या चाचणीत जवळजवळ सारखा दिसायला हवा. दिसला, तर मांडणी बरोबर आहे आणि पहिल्या चाचणीतला फरक खरोखर प्रकाशाच्या प्रमाणाचाच होता हे सिद्ध होतं. उरलेला अर्धा-पाव स्टॉप सेन्सरच्या तंत्राचा आणि लेन्सचा.

आमच्या मते संपूर्ण खटाटोपातली ही सर्वात बोलकी चाचणी आहे आणि हीच सहसा कोणी करत नाही. 'फुल-फ्रेमचा लुक' म्हणून जे सांगितलं जातं ते इथे तपासता येतं. एफ/१.२ ची लेन्स लावलेला एपीएस-सी आणि एफ/१.८ ची लेन्स लावलेला फुल-फ्रेम, पार्श्वभूमीचा ब्लर सारखाच देतात. फुल-फ्रेमचा खरा फायदा तेव्हा सुरू होतो जेव्हा त्याच्याकडे एफ/१.४ किंवा एफ/१.२ असतं आणि लहान सेन्सरसाठी त्याला तोडीस तोड एफ/०.९ ची लेन्स सहजासहजी मिळत नाही.

उलट बाजूही बघा. वस्तूंचे फोटो, मोठ्या गटाचे फोटो, जवळचं फूल, जिथे पुढून मागपर्यंत सगळं फोकसमध्ये हवं आणि शटर खाली आणता येत नाही, तिथे फुल-फ्रेमला ॲपर्चर बंद करून आयएसओ वाढवावाच लागतो. त्याचा सव्वा स्टॉप तिथेच खर्च होतो.

तिसरी चाचणी: बेस आयएसओ आणि शॅडो

लँडस्केप आणि ट्रायपॉडवरच्या कामासाठी ही. इथे फुल-फ्रेमला हवा तेवढा वेळ द्यायचा. डेप्थ सारखी ठेवा, म्हणजे फुल-फ्रेमला एफ/८ आणि एपीएस-सीला एफ/५.६. दोघेही आपापल्या बेस आयएसओवर. दोन्हींचा बेस आयएसओ १०० असेल तर फुल-फ्रेमला शटर दुप्पट वेळ उघडं ठेवावं लागेल, आणि तो वाढीव वेळ हीच त्याची कमाई. बेस आयएसओही सगळीकडे १०० नसतो. निकॉन डी८५० चा ६४ आहे, फुजी एक्स-टी४ चा १६०.

एक्स्पोजर इथे आकड्याने जुळवायचं नाही, क्लिपिंगने (उजळ भाग कुठे तपशील हरवून पांढरा पडतो त्यावरून) जुळवायचं. पांढऱ्या कागदावर एक दिवा जवळून टाका आणि १/३ स्टॉपच्या पायऱ्यांनी सात-आठ फोटो घ्या. मग रॉडिगरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये, जे खुद्द रॉचा हिस्टोग्राम दाखवतं, पांढऱ्या कागदाचा हिरवा चॅनल ज्यात अजून संपृक्त झालेला नाही असा सर्वात उजळ फोटो निवडा. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम जेपेगचा असतो, तो बऱ्याचदा आधीच क्लिपिंग दाखवतो.

निवडलेले दोन्ही फोटो चार स्टॉपने उजळ करा आणि खोक्याच्या आत बघा. धान्यासारखा विखुरलेला नॉइज आणि ओळी-पट्टे यांत फरक करा. विखुरलेला नॉइज फोटो लहान केल्यावर विरतो, पट्टे विरत नाहीत, उलट आकाशासारख्या सपाट भागात उठून दिसतात. पट्ट्यांचा संबंध आकाराशी नाही, त्या बॉडीच्या इलेक्ट्रॉनिक्सशी आहे. लेन्सवर झाकण लावून, व्ह्यूफाइंडर झाकून, बेस आयएसओला १/१०० चा एक फोटो घ्या आणि तो जमेल तितका उजळा, पट्टे असतील तर लगेच दिसतात.

संगणकावर: इथेच जास्त गडबड होते

दोन्ही फाइली एकाच सॉफ्टवेअरमध्ये, एकाच आवृत्तीत उघडा. रॉथेरपी किंवा डार्कटेबल फुकट आहेत आणि या कामाला पुरेसे आहेत. रॉथेरपीत 'न्यूट्रल' प्रोफाइल लावलं की शार्पनिंग, नॉइज रिडक्शन आणि टोन कर्व्ह शून्यावर येतात. इतर सॉफ्टवेअरमध्ये हे एकेक करून शोधून बंद करावं लागतं. काही सॉफ्टवेअर कॅमेऱ्यानुसार एक्स्पोजरमध्ये छुपी भरपाई करतात. लेन्स करेक्शनही अनेकदा आपोआप लागतं, विशेषतः मिररलेसच्या लहान लेन्सना, आणि कोपरे ताणले-उजळले की तिथला नॉइज आणि मऊपणा दोन्ही वाढतात.

क्रम असा ठेवा:

१. ग्रे कार्डवर क्लिक करून व्हाइट बॅलन्स.
२. एक्स्पोजर स्लायडरने दोन्हींतलं ग्रे कार्ड एकाच पातळीवर आणा, लॅब मोजणीत एल (० ते १०० मध्ये मोजलेला उजळपणा) ५० सोयीचं.
३. ठरवलेल्या प्रमाणात क्रॉप.
४. दोन्ही फोटो एकाच पिक्सेल मापाला लहान करा, एकाच पद्धतीने, उदाहरणार्थ लँक्झोस.
५. शार्पनिंग द्यायचंच असेल तर या पायरीनंतर, दोन्हींना तेवढंच.

चौथी पायरी गाळली की तुलना कोलमडते. ६१ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम आणि २६ मेगापिक्सेलचा एपीएस-सी, दोन्हींचा पिक्सेल सुमारे ३.७६ मायक्रॉनचा असतो. १०० टक्क्यांना दोन्ही सारखेच दाणेदार दिसतात, म्हणून मोठ्या सेन्सरचा काही उपयोग नाही असं वाटतं. २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम, सहा मायक्रॉनचा पिक्सेल, त्याच १०० टक्क्यांना खूपच स्वच्छ दिसतो. दोन्ही फुल-फ्रेम एकाच मापाच्या प्रिंटवर मात्र जवळपास सारखे उतरतात. पडद्यावरचे १०० टक्के म्हणजे जास्त मेगापिक्सेलच्या फोटोला जास्त मोठं करून बघणं.

किती माप ठेवायचं? फोटो शेवटी जिथे जाणार तेवढं. ३०० पीपीआयने ए४ म्हणजे ३५०८ × २४८०, पावणेनऊ मेगापिक्सेलच्या आसपास. ए३ साठी ४९६१ × ३५०८. दोघांपैकी एकाचे पिक्सेल कमी पडत असतील तर त्याला मोठं करून त्याच मापावर आणा, दुसऱ्याला वाजवीपेक्षा लहान करू नका.

आकड्यांत मोजायचं असेल तर

डोळ्यांना एक तृतीयांश स्टॉपहून कमी फरक कळत नाही, मोजणीला कळतो. ग्रे कार्डचे लागोपाठ दोन फोटो घ्या, सेटिंग न बदलता. रॉच्या हिरव्या चॅनलमधून, ब्लॅक लेव्हल (पूर्ण अंधारातही येणारा आकडा) वजा करून, दोन्हींचा तोच २०० × २०० पिक्सेलचा चौकोन घ्या. त्याची सरासरी हा सिग्नल. मग एकातून दुसरा वजा करा, उरलेल्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढा आणि १.४१ ने भागा, हा नॉइज. एकाच फोटोवरून डेव्हिएशन काढलं तर कार्डाचा पोत आणि धूळही नॉइजमध्ये मोजली जाते, वजाबाकीत ती निघून जाते.

सिग्नल भागिले नॉइज हा आकडा एका पिक्सेलचा. पूर्ण फोटोची तुलना करायला त्याला मेगापिक्सेल भागिले ८ याच्या वर्गमुळाने गुणा. समजा २४ मेगापिक्सेलच्या बॉडीचा आकडा २० आला आणि ६१ च्या बॉडीचा १३. पहिली २० × १.७३ म्हणजे ३४.६, दुसरी १३ × २.७६ म्हणजे ३५.९. पिक्सेलपाशी मोठा वाटणारा फरक फोटोपाशी पुसला गेला. पहिल्या चाचणीत फुल-फ्रेमचा असा सुधारित आकडा १.५ क्रॉपच्या १.५ पट आणि मायक्रो फोर थर्ड्सच्या जवळजवळ दुप्पट यायला हवा.

शार्पनेस आणि कोपरे

इथे तुम्ही सेन्सरपेक्षा लेन्सच तपासत असता. लहान सेन्सरवरचं चित्र प्रिंटसाठी जास्त पटींनी मोठं होतं, म्हणून मायक्रो फोर थर्ड्सच्या लेन्सला प्रति मिलिमीटर दुपटीच्या आसपास बारकावा द्यावा लागतो. चांगल्या लेन्स तो देतात. साध्या किट लेन्सची तुलना महागड्या प्राइमशी करून सेन्सरला नापास करू नका.

ॲपर्चर पूर्ण उघडं ते एफ/१६ अशी मालिका घ्या. डिफ्रॅक्शनमुळे (अरुंद छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) प्रकाशाचा बिंदू एफ/५.६ ला सुमारे ७.५ मायक्रॉन, एफ/८ ला १०.७, एफ/११ ला १४.८ आणि एफ/१६ ला २१.५ मायक्रॉनचा होतो. सेन्सर लहान असला तर हाच ठिपका चित्राचा मोठा भाग व्यापतो. मायक्रो फोर थर्ड्सचा एफ/५.६ आणि फुल-फ्रेमचा एफ/११ यांचा मऊपणा जवळपास सारखा, आणि त्यांची डेप्थही सारखीच. त्यामुळे 'लहान सेन्सर एफ/११ ला खराब होतो' हे खरं असलं तरी तिथे त्याला एफ/११ लागत नाही.

चारही कोपरे बघा. तीन शार्प आणि एक मऊ असेल तर लेन्सची काच सरकलेली आहे किंवा कॅमेरा वाकडा होता. आरसा लावून पुन्हा टिपलं की कळेल. चारही सारखेच मऊ असतील तर कोपऱ्यावर फोकस करून एक फोटो घ्या. त्यात कोपरा शार्प झाला तर लेन्सचं फोकसचं प्रतल वक्र आहे, बारकावा कमी नाही. रंगांबद्दल मात्र वेळ घालवू नका. सेन्सरच्या आकाराने रंग बदलत नाहीत, जो फरक दिसतो तो प्रोफाइलचा.

नावं झाकून निवाडा

एका मापाला आणलेल्या दहा जोड्या तयार करा, एक्झिफ (फाइलीत दडलेली कॅमेऱ्याची माहिती) काढून टाका आणि कोणाला तरी फाइलींची नावं बदलायला सांगा. प्रत्येक जोडीत फुल-फ्रेम कुठला ते सांगायचं. नुसत्या अंदाजाने पाच बरोबर येतात. आठ बरोबर येणंही नशिबाने वीसात एकदा घडू शकतं. नऊ किंवा दहा आले तर फरक तुम्हाला खरोखर दिसतो. दुसऱ्या चाचणीतल्या फोटोंवर हा खेळ करून बघा, मग पहिल्या चाचणीतल्या आयएसओ ६४०० वर.

लांबचा पक्षी: हिशेब उलटतो

वरचं सगळं तेव्हा लागू, जेव्हा दोन्ही कॅमेऱ्यांची फ्रेम भरते. लेन्स एकच, ४०० मिमी, आणि पक्षी लांब असेल तर फुल-फ्रेमचा फोटो कापावाच लागतो आणि कापलेल्या भागापुरता तो स्वतः क्रॉप सेन्सर होतो. पक्ष्यावरून आलेला प्रकाश दोन्हींकडे सारखा, त्यामुळे नॉइजही साधारण सारखा. बारकावा पिक्सेलच्या आकारावर ठरतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेममधून १.५ क्रॉप काढला की जेमतेम पावणेअकरा मेगापिक्सेल उरतात, २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी तिथे पूर्ण २४ देतो. ६१ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेममधून मात्र २६ निघतात आणि बरोबरी होते. ही तुलना करताना दोन्ही बॉडींना तीच लेन्स लावा, तेच ॲपर्चर, तोच शटर, तोच आयएसओ ठेवा, आणि उन्हात तापलेल्या जमिनीवरून टिपू नका. हवेच्या लहरींमुळे बारीक पिक्सेलचा सगळा फायदा वाहून जातो आणि दोन्ही फोटो सारखेच मऊ येतात. पहाटे, तीस मीटरच्या आत, एखाद्या स्थिर झाडाच्या सालीवर फोकस करून ही जोडी घ्या.